कुणाच्या हाताचं माप?



गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी आणि माझी चौथीतली भाची गोकुलममधल्या आमच्या कोपऱ्यावर फुलं घ्यायला गेलो होतो. फुलवाल्या अज्जींकडे दोन मोळ मल्लिगे मागितली. अज्जींनी माळेचं टोक मधल्या बोटाशी धरलं आणि माळ कोपरापर्यंत नेली. हा झाला एक मोळ. पुन्हा तसंच केलं, दोन मोळ झाले, दोरा तोडला.

परत येताना भाची म्हणाली, "मावशी, अज्जींचा हात किती छोटा आहे! उंच माणसाकडून घेतली असती तर जास्त फुलं मिळाली असती ना?"

घरी आल्यावर आम्ही टेप काढली. अज्जींचे दोन मोळ भरले ८२ सेंटिमीटर. माझ्या हाताने दोन मोळ झाले असते ८८, आणि भाचीच्या हाताने फक्त ६८! नाव एकच, लांबी मात्र तीन.

कानडीतला मोळ म्हणजे आपल्या मराठीतला 'हात'. बोट, मूठ, वीत, हात, वाव ही सगळी मापं आपल्या अंगावरच असतात. ती घरी विसरत नाहीत आणि त्यांना पैसेही पडत नाहीत. फुलांच्या माळेला ती पुरतात. पण खिडकीच्या पडद्याचं कापड बाबांच्या हाताने मोजलं आणि दुकानदाराने स्वतःच्या हाताने कापलं, तर पडदा आखूड होईल की नाही?

शेर, पायली आणि किलो

धान्याचंही असंच होतं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. आजी-आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. म्हैसूरच्या कितीतरी स्वयंपाकघरांत आजही तांदूळ 'पावु'ने मोजतात. पावु म्हणजे पाव शेर. गंमत अशी, की धान्याचा शेर भांड्याने भरायचा आणि साखरेचा शेर तराजूने तोलायचा. त्यातून गावोगावी मापं निराळी. परगावच्या माणसाला फसवणं किती सोपं!

म्हणून १९५६ साली देशभर एकच मापं असावीत असा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने मीटर, किलो, लिटर आले. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे किलोपेक्षा थोडा कमी. आता गोकुलममधला किलो आणि कोल्हापुरातला किलो सारखाच.

जागा किती, वजन किती?

एक वाटी साखर आणि त्याच वाटीने एक वाटी पोहे घ्या. दोन्ही हातांत धरून पाहा. वाटी तीच, म्हणजे आकारमान तेच. पण साखर जड, पोहे हलके. वस्तूने किती जागा घेतली हे आपण मिलिलिटर-लिटरमध्ये मोजतो आणि ती किती जड आहे हे ग्रॅम-किलोमध्ये. एक लिटर पाणी साधारण एक किलो भरतं. मग एक लिटर तेल? तेलाच्या पिशवीवर वाचा. बहुतेक ९१० ग्रॅमच्या आसपास आकडा दिसेल. म्हणूनच तेल पाण्यावर तरंगतं.

आता दुधाची पिशवी. २०२४ च्या जूनमध्ये नंदिनीच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत ५० मिलिलिटर दूध वाढलं आणि किंमत २ रुपयांनी वाढली. निळी पिशवी २२ ची २४ रुपयांना झाली. दूध महाग झालं का? १०० मिलिलिटरचा भाव काढून बघा: आधी ४ रुपये ४० पैसे, नंतर सुमारे ४ रुपये ३६ पैसे! पुढे २०२५ च्या एप्रिलपासून पिशवी पुन्हा ५०० मिलिलिटरची झाली. म्हणजे 'एक पिशवी दूध' हेसुद्धा पक्कं माप नव्हे. वर छापलेला आकडा वाचायलाच हवा.

चमच्याची परीक्षा

सगळ्यात महत्त्वाचं माप सर्वांत छोटं आहे. ताप आला की डॉक्टर लिहून देतात, "५ मिलिलिटर". घरात म्हणतात, "एक चमचा दे." पण कुठला चमचा? आम्ही औषधाच्या रिकाम्या, धुतलेल्या मापाच्या टोपणात पाणी ओतून पाहिलं. चहाचा चमचा भरला जेमतेम ४ मिलिलिटर आणि पोहे खायचा चमचा ८! एकाने औषध कमी पडेल, दुसऱ्याने फार जास्त होईल. फुलं दोन बोटं कमी-जास्त झाली तर चालतं, औषध नाही. औषध मोठ्यांनीच द्यायचं, पण ते चमचा घेऊन आले तर तुम्ही नक्की म्हणा, "बाटलीबरोबरचं टोपण घ्या ना!"

या आठवड्यात करून पाहा

आधी अंदाज वहीत लिहा, मगच मोजा.

१. तुमची वीत, हात आणि एक पाऊल किती सेंटिमीटर? घराच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत पावलं मोजा आणि अंतर काढा.

२. भाजीवाल्याकडे एक बटाटा हातात घेऊन त्याचं वजन ओळखा. काट्यावर आधी शून्य आहे ना, तेही पाहा.

३. तुमच्या पाण्याच्या बाटलीत किती वाट्या पाणी मावतं?

४. घरातल्या सगळ्या चमच्यांची परीक्षा घ्या.

पहिले अंदाज चुकतील. भाचीने बटाटा अर्धा किलोचा सांगितला होता, तो निघाला १४० ग्रॅमचा. पाचव्या बटाट्याला मात्र ती फक्त १० ग्रॅमने चुकली. आता बाजारात जाताना पिशवी तिच्याच हातात असते.