मिडब्रेन ‘अॅक्टिव्हेट’ करताय? तो बंद कधी होता?

गेल्या महिन्यात सांगलीहून वहिनीचा व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. चौथीतली पुतणी डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखतेय. खाली मेसेज: “भावजी, तुम्ही इंजिनिअर. दुसऱ्या लेव्हलची फी भरू का?”

रविवारी साताऱ्याहून थेट सांगली गाठली. सॉफ्टवेअरवाल्याची सवय, आधी बग शोधायचा. पत्ता तिच्या कपाळासमोर धरला, उत्तर चुकलं. डोक्यामागे धरला, पुन्हा चुकलं. मग ती हळूच म्हणाली, “काका, नाकापाशी फट असते. पण सांगायचं नसतं.” फीपेक्षा मला हे जास्त लागलं.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, मेंदूच्या देठाचा वरचा भाग. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे मान वळणं, बाहुली लहान-मोठी होणं ही त्याची कामं. आरशासमोर उभे राहा, मोबाइलचा ब्राइटनेस वाढवून चेहऱ्याजवळ आणा. बाहुली आकसली ना? झाला की अॅक्टिव्हेट, तोही फुकट! तिथल्याच डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो. म्हणजे तो खरंच ‘बंद’ पडला तर काय, याचा विचार करा.

मग पालक फसतात कशाला? कारण जाहिरातीतला एक शब्द खरा असतो: न्यूरोप्लॅस्टिसिटी. 1906 साली गोल्जी आणि काहाल यांना एकत्र नोबेल मिळालं, तेव्हा मेंदू म्हणजे सलग जाळं की सुट्या पेशी, यावरच दोघांचं भांडण होतं. (काहाल बरोबर निघाला.) पुढे कित्येक दशकं समज अशी, की मोठ्या माणसाचा मेंदू बदलत नाही. तीही मोडली. 2000 साली लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास आला. हजारो रस्ते पाठ करणाऱ्या या लोकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. पेशींचा आकडासुद्धा 2009 मध्ये 100 अब्जांवरून साधारण 86 अब्जांवर आला.

पण टॅक्सीवाल्यांना वर्षं लागली. दोन दिवसांच्या शिबिरात असलं काही होत नाही, आणि पट्टीआडून दिसायला तर कितीही वर्षं दिली तरी नाही.

गंमत बघा, डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, डॉक्टरकी शिकले मिरजेला. त्याच पट्ट्यात आता हे क्लास रील्सवर चालतात.

वहिनीने दुसरी फी भरली नाही. पहिली परत मागितली, तर उत्तर मिळालं, “मुलीचा विश्वास कमी पडला.”