बाहेरचे दार कसे निवडावे?

पेण-रोह्याकडे नवे घर बांधताना दर्शनी दार बहुधा वजन आणि नक्षी पाहून निवडले जाते. माझ्या मते ते पाऊस आणि वारा यांचा विचार करून निवडावयास हवे.

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. त्या दिवसांत हवेतील बाष्प शोषून लाकूड फुगते. परंतु सर्व दिशांनी सारखे नव्हे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही, आडव्या दिशेने मात्र वाढते. समजा, ही वाढ एक टक्का आहे. उभ्या फळ्या जोडून केलेले ९० सेंटिमीटर रुंदीचे दार मग ९ मिलिमीटर वाढेल आणि चौकटीत अडकेल. पॅनेलच्या दारात दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या १०-१० सेंटिमीटरच्या असतील, तर दार २ मिलिमीटरच वाढेल. मधली पॅनेले खाचेत सैल बसवलेली असल्याने त्यांची वाढ खाचेतच सामावते. म्हणजे लाकडाइतकीच महत्त्वाची आहे ती जोडणी!

सागवान कमी फुगते आणि वाळवीलाही सहसा दाद देत नाही. तरीही त्याची खालची कड रंगवलीच पाहिजे. कारण तंतूंची कापलेली टोके बारीक नळ्यांप्रमाणे पाणी वर ओढतात. वर छज्जा असेल तर आणखी उत्तम. लोखंडी दार फुगत नाही, परंतु खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते आणि पश्चिमेच्या उन्हात चांगलेच तापते.

आता ऊर्जेचा प्रश्न. महागडी उष्णतारोधक दारे थंड देशांत योग्यच आहेत. तेथे घर बंद ठेवून ऊब राखावयाची असते. आपल्याकडे वातानुकूलित खोली सोडली, तर त्यांचा लाभ थोडा. दाराचे क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस मीटर. ५०० चौरस फुटांच्या बैठ्या घराचे छप्पर मात्र ४६ चौरस मीटरांहून अधिक. दुपारची उष्णता मुख्यतः तेथूनच उतरते. तेव्हा तो पैसा छपराकडे वळवावा आणि दाराला जोडून जाळीचे दुसरे दार बसवावे. समोरची खिडकी उघडताच वारा खेळेल, डास बाहेर राहतील आणि पंख्याचे कामही कमी होईल.

घरच्या दाराची चौकटीशी असलेली फट मे महिन्यात मोजा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. घरी नवे दार घेण्याची चर्चा निघाली, की हे दोन आकडे वडीलमंडळींपुढे ठेवा. जाहिरातीपेक्षा ते अधिक भरवशाचे ठरतील.