मंदोदरीला आता मोकळं करा

बुद्धिबळाच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे माइकपाशी गेले की मंदोदरी किती वेळात येणार याची आम्हा पंचमंडळींत मूक पैज लागते. लंकेला वेढा पडलाय, रावण अस्वस्थ आहे, म्हणून राणीने त्याच्यासाठी पटावर युद्ध मांडलं. मुलं कान देऊन ऐकतात, पालक टाळ्या वाजवतात. वाल्मीकिरामायणात हे कुठेच नाही. अठराव्या शतकात सर विल्यम जोन्स या कलकत्त्याच्या इंग्रज न्यायाधीशाच्या कानावर ही दंतकथा आली आणि त्याने ती आपल्या निबंधात नोंदवली. आज आपण ती प्राचीन ज्ञान म्हणून मिरवतो.

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत गणित शिकवलं आणि सुट्टीच्या दिवसांत स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राहिले. दोन्ही कामांत ‘कशावरून?’ विचारायची खोड लागते. मुलाने उत्तर बरोबर लिहिलं पण रीत दाखवली नाही, तर मी अर्धेच गुण द्यायचे. बुद्धिबळाच्या बाबतीत आपण सगळे त्या मुलासारखे वागतो. खेळ भारतातला, हे उत्तर बहुधा बरोबरच आहे. रीत मात्र दुसऱ्यांनी लिहिली.

2024 मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये आपल्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकलं. डिसेंबरात सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला. 2025 च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक आणला. आनंद झालाच, का होऊ नये? पण तेव्हापासून भाषणांत नवं वाक्य आलंय: ‘खेळ आपलाच होता, आता आपण तो परत आणला.’ आपलाच होता म्हणणाऱ्याकडे त्याची काही कागदपत्रं असतात की नाही?

जोन्सकडेच परत जाऊ, कारण इथे एक शिकण्यासारखी फजिती झाली. त्याचा निबंध 1790 साली छापून आला. त्याच्या ओळखीचे पंडित राधाकांत यांनी त्याला सांगितलं की भविष्यपुराणात या खेळाचं वर्णन आहे: व्यास युधिष्ठिराला चार जणांनी फासे टाकून खेळायचा चतुरंग समजावतात. पुढे 1860 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक डंकन फोर्ब्स यांनी त्यावर अख्खं पुस्तक उभारलं. पुराण इतकं जुनं म्हणून खेळही तितका जुना, पाच हजार वर्षांचा. आणि चौघांचा फाशांचा खेळ आधी, दोघांचा नंतर. आपल्याकडे ‘पाच हजार वर्षं’ हा आकडा अजून भाषणांत फिरतो, त्याचं एक मूळ या इंग्रजी पुस्तकात आहे.

मग बर्लिनचे संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर आणि डच संशोधक आंटोनियस व्हान डेर लिंडे यांनी 1870 च्या दशकात साधी गोष्ट केली. तो उतारा मुळात कुठे आहे ते शोधलं. भविष्यपुराणाच्या पोथीत तो सापडेना. सापडला तो बंगालच्या रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्व’ या सोळाव्या शतकातल्या धर्मशास्त्रग्रंथात, तोही कोजागरीच्या प्रकरणात. त्या रात्री जागायचं, फासे खेळायचे, म्हणून ओघाने हा खेळ आला. पाच हजार वर्षं एका झटक्यात पाचशेवर आली.

हे वाचून काहींना राग येतो, मी पाहिलंय. परदेशी माणसाने आपला खेळ लहान केला असं वाटतं. खरं तर ही पद्धत परकी मुळीच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या पंडितांनी काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्या ओळीला ओळ लावून पडताळल्या आणि मागाहून घुसलेले श्लोक नेऊन तळटिपांत ठेवले. त्या माणसांची महाभारतावर श्रद्धा कमी होती असं कोण म्हणेल?

फोर्ब्स मागे पडल्यावर ज्या माणसाचा काळ आला त्याच्याविषयी मला ममत्व आहे, कारण तोही शिक्षणखात्यातलाच. हॅरल्ड जेम्स रुथव्हेन मरे हा शाळा तपासनीस होता. वडील जेम्स मरे ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक. घरात शब्दांच्या चिठ्ठ्यांचे ढीग, आणि त्या लावायला मुलं. चिठ्ठी लावणाऱ्या मुलाला एक गोष्ट आयुष्यभर कळते: कुठलंही विधान कुणाचं, कधीचं, कुठल्या पुस्तकातलं हे लिहिल्याशिवाय त्याला जागा नाही. मरेने बुद्धिबळावरच्या अरबी पोथ्या वाचता याव्यात म्हणून अरबी शिकून घेतली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे वकील जॉन व्हाइट यांच्याकडे बुद्धिबळाच्या पुस्तकांचा अफाट संग्रह होता, त्यांनी त्याला साहित्य पुरवलं. नोकरी सांभाळून हे काम करत 1913 साली मरेने सुमारे नऊशे पानांचा इतिहास छापला. खेळ भारतातून इराणला, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला, हा आज आपण छाती फुगवून सांगतो तो मार्ग मुख्यतः या पुस्तकाने पक्का केला. मरेने पुरावा म्हणून बाणभट्टाचं ‘हर्षचरित’ घेतलं, पहलवी ग्रंथ घेतले, अरबांचे खेळाडू आणि टीकाकार घेतले. मंदोदरीची त्याला गरज पडली नाही.

बाकी चीनचा दावा, इराणचा दावा, लोथलला मिळालेल्या मातीच्या सोंगट्या यांत मी फार शिरत नाही. सोंगटी सापडली तरी तिची चाल सापडत नाही, आणि चाल माहीत नसेल तर तो कुठला खेळ हे सांगता येत नाही. हेही कबूल करावं की सर्वांत जुने ओळखता येणारे मोहरे समरकंदजवळ अफ्रासियाबला निघाले, आपल्याकडे नाही. हे ऐकून भारताचा दावा कोसळत नाही. आपल्या बाजूला ग्रंथ आहेत.

आणि ग्रंथांत किती गंमत आहे पाहा. अकराव्या शतकात अल्बेरुनीने इथला चौघांचा खेळ बघून लिहिलं की हत्ती पुढे एक घर आणि चारही तिरप्या घरांत एक-एक चालतो, म्हणजे एक सोंड आणि चार पाय. हीच चाल आजही थायलंडच्या मकरुक या बुद्धिबळात जिवंत आहे. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने बत्तीस अक्षरांचा श्लोक असा रचला की अर्ध्या पटावर मांडून घोड्याच्या चालीने वाचला तरी तोच श्लोक उमटतो. घोड्याने पटावरच्या प्रत्येक घरात एकेकदा जाण्याचा हा प्रश्न ऑयलरने 1759 मध्ये गणितात आणला, आणि मी वर्गात ऑयलर शिकवताना रुद्रट सांगायचे. मुलं अर्धा पट आखून तपासायची. त्यात कुणाला दंतकथेची उणीव भासली नाही.

आता माझं खरं गाऱ्हाणं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला: शंभर अध्याय, राजाच्या आवडीनिवडींचा कोश. स्वयंपाक, हत्ती, संगीत, कुस्ती सगळं त्यात आहे. आपल्याकडच्या जुन्या खाद्यपदार्थांवर लिहिणारे तो नेहमी काढतात, मांडे आणि वडे कुठे आले ते दाखवायला. शेवटच्या, खेळांच्या विभागात बुद्धिबळही आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत ग. के. श्रीगोंदेकर यांनी संपादलेला तिसरा खंड 1961 साली निघाला आणि तो मजकूर छापील स्वरूपात उपलब्ध झाला. मरे 1955 मध्ये गेला होता, त्याला तो पाहायला मिळाला नाही. आपल्याला मिळाला. संपादक मराठी, संस्था बडोद्याची, राजा आपल्या शेजारचा, त्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग. आणि त्या मजकुराचा श्लोकवार अनुवाद आणि अर्थ 1996 मध्ये छापला कुणी? आंड्रेआस बॉक-रामिंग या जर्मन अभ्यासकाने, जर्मनमध्ये, ‘आजवर कुणी लक्ष न दिलेला मजकूर’ असं शीर्षकातच म्हणून. पाचव्या विभागातले श्लोक 560 ते 623. मोजले तर चौसष्ट भरतात. योगायोग असेल; पण एखाद्या मराठी पत्रकाराला एवढं तरी बातमी म्हणून पुरायला हवं होतं.

दुसरा ग्रंथ तर घरचाच. सतराव्या शतकातले नीलकंठ भट्ट काशीचे, पण घराणं पैठणचं. त्यांचे आजोबा नारायणभट्ट. नीलकंठांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत वारसाहक्काच्या खटल्यांत प्रमाण मानला जायचा, आणि पांडुरंग वामन काणे यांनी तो संपादला. त्यांच्याच मयूख नावाच्या ग्रंथमालेतल्या ‘नीतिमयूखा’त, राजाने वेळ कसा घालवावा या ओघात, बुद्धिबळाचे नियम आहेत. वकिलांनी एक मयूख दीडशे वर्षं झिजवला, त्याच्या शेजारच्या मयूखातले हत्ती-घोडे वेबरने जर्मनीत बसून उलगडले. आपल्या खेळाडूंपैकी कुणाला पैठणचं हे नातं ठाऊक आहे?

नोंद ठेवणाऱ्याच्या हाती इतिहास जातो, हे जुन्या पोथ्यांपुरतं नाही. कलकत्त्यात 1848 पासून जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी खेळायचा. महेशचंद्र काळ्या मोहऱ्यांनी राजाचा घोडा बाहेर काढून उंट बगलेला बसवायचे. युरोपात तेव्हा ही मांडणी विचित्र वाटायची, आज तिला जगभर इंडियन डिफेन्स म्हणतात. हे आपल्याला कळतं कारण कॉक्रेनने डाव लिहून ठेवले. महेशचंद्रांच्या बाजूची एक ओळ नाही. त्यांचं नावही इंग्रजांनी ऐकलं तसं, चार तऱ्हांनी लिहिलेलं.

मीर सुलतान खान यांचंही तसंच. पंजाबातल्या सरगोधा भागातला हा माणूस 1929, 1932 आणि 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला, हेस्टिंग्जला माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला त्याने हरवलं. इंग्रज लेखकांनी ‘सर उमर हयात खान यांचा निरक्षर नोकर’ असं त्याचं चित्र काढलं आणि ते पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेलं. अलीकडे त्याच्या नातीने पुढे येऊन सांगितलं की आजोबांना वाचता-लिहिता येत होतं, घरची जमीन होती, ते कुणाचे घरगडी नव्हते. 2024 मध्ये जागतिक संघटनेने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. किताब मिळाला ते चांगलंच. मला त्या नातीचं धैर्य जास्त मोलाचं वाटतं.

आता महाराष्ट्राकडे बघा. 1955 मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचं विजेतेपद आपल्या रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्याबरोबर वाटून घेतलं. 1976 मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना ठरवून द्यावं लागलं की स्त्रियांना अडवता येणार नाही. दिव्याच्या बरोबरीने ही कथा शाळेत सांगायला हवी. त्या निकालाची कागदपत्रं, कात्रणं, त्या स्पर्धेतले डाव एकत्र मांडणारं मराठी पुस्तक मला हवंय. कादंबरी नको, चरित्रात्मक गौरवग्रंथ तर मुळीच नको. कागद हवेत.

कागद कसे जातात ते मी पाहिलंय. स्कोअरशीटला कार्बन लावून डाव लिहायचे तेव्हा वरची प्रत आयोजकांकडे जमा व्हायची. स्पर्धा संपली की गठ्ठे सुतळीने बांधून कपाटावर. एका गावी मी त्याच कपाटाखाली पंच म्हणून बसत असे. पुढच्या वर्षी गठ्ठे नव्हते, रंगरंगोटीच्या वेळी रद्दीवाल्याला दिले म्हणाले. कुणाची वाईट बुद्धी नव्हती. त्यांना वाटलं, निकाल तर आहेत ना नोंदलेले. निकालावरून कोण जिंकलं ते समजतं, कसं जिंकलं ते नाही.

राज्य सरकारने दिव्याला तीन कोटी रुपये दिले, त्याचा मला हेवा नाही. खेळाडूला मिळालेच पाहिजेत. त्याच्या शंभराव्या हिश्शात, तीन लाखांत, दोन कामं होतील. जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या खेळाडूंच्या घरी पडलेल्या वह्या, जुन्या वर्णनात्मक नोंदपद्धतीतले डाव आणि स्पर्धांची पत्रकं स्कॅन करून एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवता येतील. आणि ‘मानसोल्लास’ व ‘नीतिमयूख’ यांतले बुद्धिबळाचे भाग मराठीत, आकृत्यांसह छापता येतील. दुसऱ्या कामाला तर सरकारचीही वाट पाहायला नको. पुण्यात, नाशकात, सांगलीत एम. ए. संस्कृत करणाऱ्यांत बुद्धिबळ खेळणारं एखादं पोर असेलच. त्याने श्लोक लावावेत. चाली जुळतात का ते पटावर बघायला मी बसते. दुपारी चारनंतर मला वेळच वेळ असतो.