लाल जाकीट

आमची आक्का डहाणूला असते. घरामागे चिकूची लहानशी वाडी, दारात विहीर आणि ओटीवर झोपाळा. दर हिवाळ्यात मी आठ दिवस तिच्याकडे जाऊन राहतो. मुंबईच्या माणसाला हवापालट मिळतो आणि आक्काला आपले बोलणे ऐकून घेणारा माणूस मिळतो, असा हा दोघांच्याही फायद्याचा सौदा आहे.

२०१३ साली विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली, तेव्हापासून हा प्रवास स्वस्त झाला. सोपा झाला असे मात्र म्हणवत नाही. गेल्या डिसेंबरात निघालो, तर गाडीला ही गर्दी! पालघरला टीसी दिव्यांगांच्या डब्यात शिरले आणि चार धडधाकट गृहस्थांना घेऊन खाली उतरले. मी शेजारच्या डब्याच्या दारातून ही मौज पाहत होतो. त्यांतला एक जण फलाटावर पाय ठेवताच लंगडू लागला. दोनतीन पावले उजव्या पायाने लंगडला. मग काय वाटले कोण जाणे, डाव्या पायाने लंगडू लागला. आमच्या डब्यात हशा पिकला. मीही पोटभर हसलो. त्या डब्याच्या दाराशी कुबडीवर भार टाकून एक म्हातारा उभा होता. त्याला आता कुठे बसायला जागा झाली होती. तो तेवढा हसला नाही.

त्या म्हाताऱ्याची मला चार दिवसांनी पुन्हा आठवण झाली, ती तलासरीला.

तलासरीला हमरस्त्यावर माझ्या भाच्याचे हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे दहा टेबले, गल्ल्यामागे गणपतीची तसबीर आणि बाहेर मांडवाखाली चार बाके. मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या मोटारी तिथे चहाला थांबतात. या खेपेला दारावर मराठीत आणि गुजरातीत एक ठसठशीत पाटी दिसली : ‘कुत्र्यांना आत आणू नये.’

“ही पाटी नवी दिसते रे?” मी विचारले.

“मामा, तिची एक कथाच आहे,” असे म्हणून भाच्याने ती सांगितली. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची एक मोटार आली. त्यातून एक जोडपे उतरले आणि बाईंच्या काखेत एक केसाळ कुत्रे. कुत्र्याच्या अंगात लाल जाकीट, त्यावर इंग्रजी अक्षरे. भाच्याने अडवताच बाईंनी पर्समधून कुत्र्याचा फोटो असलेले गुळगुळीत कार्ड काढले. “हा सर्व्हिस डॉग आहे. याला अडवलंत तर तुमच्यावर केस होईल.” केसचे नाव काढताच भाचा नरमला. ते कुत्रे आत आले आणि खुर्चीवर चढले. शेजारच्या मुलाच्या बशीतला वडा त्याने पळवला आणि वाढप्याच्या पायाला दात लावले. बाई हसून म्हणाल्या, “अहो, घरी एकटा राहत नाही, म्हणून घेतलं कार्ड. इंटरनेटवर सहज मिळतं.”

“त्या दिवसापासून सगळी कुत्री बंद!” भाचा म्हणाला.

“बरे केलेस,” मी म्हणालो. “नियम म्हणजे नियम.”

हे माझे शब्द, वाचकहो, जरा लक्षात ठेवा. अर्ध्या तासाच्या आतच ते मला गिळावे लागले.

महालक्ष्मीचे दर्शन घेऊन सुरतेकडे निघालेले एक कुटुंब आले. आई, वडील आणि पंचविशीची मुलगी. बोलण्यावरून कळले की मंडळी बरीच वर्षे अमेरिकेत असतात. मुलगी अंध होती. तिच्या डाव्या हाताशी पिवळसर लॅब्राडॉर जातीचा कुत्रा होता. त्याच्या छातीभोवती पट्टे होते आणि पाठीवर एक ताठ मूठ. ती मूठ धरून मुलगी चालत होती. पायरी आली तसा कुत्रा थांबला. मुलीने पायाने पायरी चाचपली, मग दोघे वर चढले.

भाचा आडवा झाला. त्याने पाटीकडे बोट दाखवले. ते कोणाला दाखवतो आहोत, हे त्याच्या उशिरा ध्यानात आले. वडिलांनी कागद काढले : शिक्षण देणाऱ्या संस्थेचे ओळखपत्र, लस टोचल्याचे दाखले.

“कार्ड मागच्यांनीही दाखवलं होतं, साहेब,” भाचा म्हणाला.

आई चिडल्या. मुलीने त्यांचा हात दाबला आणि शांतपणे म्हणाली, “दादा, तुम्हाला दोष देत नाही मी. माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलंय, ते मला दारातच कळतं. तिकडेही असंच होतं.”

ती मंडळी बाहेरच्या बाकावर बसली. दुपारचे ऊन मांडवाच्या फटींतून सरळ बाकावर येत होते. कुत्रा बाकाखाली गेला आणि पाऊण तास हूं की चूं न करता पडून राहिला. वाढप्याच्या हातून भजे खाली पडले, तेही त्याने हुंगले नाही. वाढप्याचा धाकटा त्याला थोपटायला गेला, तेव्हा मुलगी म्हणाली, “आत्ता नको हं, बाळ. तो कामावर आहे.” मी पंख्याखाली बसून राईसप्लेट जेवत होतो. उठून ‘आत या’ म्हणायला मला कोणी मनाई केली नव्हती. पण मी उठलो नाही. त्या वेळी मला तो कुबडीवरचा म्हातारा आठवला.

रात्री आक्काला हकिकत सांगितली. तिने झोपाळा थांबवला. “विचारायचं ते विचारा रे, पण दारात आलेल्या पोरीला उन्हात बसवलंत दोघांनी?” असे म्हणून ती आत निघून गेली. भाच्याने आणि मी एकमेकांकडे पाहिले नाही.

मुंबईला परतल्यावर मी या विषयाची थोडी माहिती काढली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली. १९२८ साली मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाची शिकवलेली कुत्री घेऊन मायदेशी परतला. तिच्या मुठीला धरून तो रहदारीचे रस्ते ओलांडू लागला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत अशी शाळा सुरू झाली. या कुत्र्यांच्या शिक्षणातला एक पाठ मला फार आवडला. कुत्र्याला सिग्नलचा लाल-हिरवा कळत नाही. रस्ता केव्हा ओलांडायचा, ते अंध माणूसच रहदारीच्या आवाजावरून ठरवतो. पण मालकाने ‘चल’ म्हटले आणि समोरून मोटार येत असली, तर कुत्र्याने हुकूम मोडायचा असतो. असा आज्ञाभंग शिकवायला महिनेच्या महिने लागतात. लाल जाकीट घालायला एक मिनिट लागते.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यानुसार दुकानात, हॉटेलात अशा कुत्र्याला अडवता येत नाही. कुत्र्याचे काम उघड दिसत नसेल, तर मालकाला फक्त दोन प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? दाखला मागता येत नाही, आजार विचारता येत नाही. मात्र कुत्रा आवरत नसेल किंवा घाण करीत असेल, तर त्याला बाहेर काढता येते. नुसता जिवाला विरंगुळा म्हणून बाळगलेला कुत्रा या व्याख्येत बसत नाही. मग ती इंटरनेटवरची कार्डे? कायद्याच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य! कॅलिफोर्निया राज्यात तर आपला कुत्रा असा कामाचा असल्याची खोटी बतावणी केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याकडे असे कुत्रे अगदी विरळा. फुटके पदपथ, रस्त्यावरची मोकाट कुत्री आणि शिक्षणाचा खर्च या तीन गोष्टी आडव्या येतात. तरी विमानप्रवासाच्या नियमांत अंध प्रवाशाच्या वाटाड्या कुत्र्याची सोय आहे. आणि सोंगाचा विचारही आपल्या कायद्याने केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या ९१व्या कलमाप्रमाणे दिव्यांगांसाठी असलेली सवलत लबाडीने लाटणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पालघरच्या फलाटावर पाय बदलून लंगडणाऱ्या त्या गृहस्थाला हे कोणी सांगितले नसावे.

हे सारे मी भाच्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, “मामा, दोन प्रश्नांना कुणी खोटीच उत्तरं दिली तर?”

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “देतील. वर्षातून एखादा खोटा आत येईल आणि वडा पळवील. त्याला तू लगेच बाहेर काढशील. पण एकही खोटा आत येऊ नये म्हणून दार लावलंस, तर खरा माणूस उन्हात बसतो. पहिली चूक वड्याच्या किमतीची आहे. दुसरीची किंमत तू आणि मी पाहिली आहे.”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आणि ओळखायचं कसं?”

त्याचे उत्तर आक्काच्या वाडीत आहे. तिथे मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. त्याच्या गळ्यात साधा पट्टादेखील नाही. वाडीत राबणाऱ्या वारली गड्याला मी लाल जाकिटाची गोष्ट सांगितली होती, तेव्हा तो खदखदून हसला होता. “काका, मोती रातभर वाडी राखतो. त्याला कशाला जाकीट? कामाचा कुत्रा बसला तरी कळतो.” बाकाखाली पाऊण तास पडून राहिलेला तो लॅब्राडॉर आम्हालाही कळला होता. आम्ही पाहत होतो पाटीकडे.

तलासरीच्या हॉटेलावर आता नवी पाटी आहे : ‘पाळीव कुत्रे आत आणू नयेत. अंध व अपंग व्यक्तींच्या कामावरच्या कुत्र्याला मज्जाव नाही. उपद्रव करणारा कुत्रा बाहेर, मग अंगावर काहीही असो.’ शेवटचे वाक्य भाच्याचे स्वतःचे. ते कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात शोभेल, असे मला वाटते. ती मुलगी त्या रस्त्याने पुन्हा गेली की नाही, ते ठाऊक नाही. गेली, तर आईने तिला ही पाटी वाचून दाखवावी.

आता दिवाळीच्या सुट्टीत आपणांपैकी पुष्कळ जण मोटार घेऊन निघतील. घरच्या कुत्र्यावर आपली माया असते, ती असावीच. त्याला शेजाऱ्यांकडे ठेवा, सोबत न्या, मांडवाखाली तुमच्याशेजारी बसवा. पण त्याच्या अंगात ते लाल जाकीट तेवढे घालू नका. ते जाकीट वाटेतल्या पुढच्या कोणाच्या तरी अंगावरून काढलेले असते.