पंच चुकला म्हणून लाथ बरोबर ठरत नाही

‘पंचच विकला गेला असेल तर पैलवानानं करायचं काय?’

हा प्रश्न जुळे सोलापुरात जरा जास्तच ऐकू येतो. कारण हा भाग म्हणजे सगळ्या तालुक्यांची बेरीज आहे. मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोटची पोरं इथं शिकायला येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात, संध्याकाळी चहाच्या गाड्यावर जमतात. कुस्तीचा विषय निघाला की पाच मिनिटांत प्रत्येक जण आपापल्या तालुक्याला परत जातो. आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, परवानगी हवी असते. पंचाच्या अंगावर जाण्याची, त्याच्या आईबहिणीचा उद्धार करण्याची, अर्धवट क्लिप स्टेटसला टाकून एखाद्याची अब्रू काढण्याची. ती परवानगी मी देणार नाही. का, ते सांगतो.

आधी घटना. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगरचं वाडिया पार्क. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. (हा मोहोळ आडनावाचा, गावानं मुळशीचा. आपल्या मोहोळचा संबंध नाही.) पंचांनी शिवराज चितपट झाल्याचं जाहीर केलं. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले बघा. वाद वाढला. शिवराजनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या लढतीत आपल्या मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड पृथ्वीराजसमोर होता. शेवटचे काही सेकंद राहिले असताना गुणावरून वाद झाला, महेंद्र मैदान सोडून गेला आणि गदा पृथ्वीराजला मिळाली. शिवराज आणि महेंद्र, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

त्या रात्री लाथेची क्लिप लोकांनी गाणं लावून फिरवली. एका माजी महाराष्ट्र केसरीनं तर लाथेच्या पुढची, गोळी घालण्याची भाषा जाहीरपणे केली. पुढे चौकशी झाली आणि त्या लढतीच्या पंचांवरही कारवाई झाली. तेव्हा सगळे म्हणाले, ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो?’

काय सांगत होता? निर्णय चुकीचा होता हे सांगत असाल तर मान्य. पण लाथ योग्य होती हेही त्याच दमात सांगत असाल तर थांबा. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि एकातून दुसरं निघत नाही. पंचांची चूक ठरली ती चौकशीतून. लाथेनं एवढंच झालं, की ज्या रात्री अख्ख्या महाराष्ट्रानं खांद्याबद्दल बोलायला हवं होतं, त्या रात्री तो पायाबद्दल बोलला. शिवराज हात जोडून आखाड्याच्या मधोमध उभा राहिला असता, तर संघटनेला तोंड लपवायला जागा उरली नसती. लाथेनं संघटनेला ती जागा मिळवून दिली.

आता दोन वर्षं मागे जाऊ. जानेवारी २०२३, पुण्यातलं कोथरूड. माती विभागात महेंद्र गायकवाड विरुद्ध सिकंदर शेख. एक मंगळवेढा तालुक्यातला, दुसरा मोहोळचा. दोघंही आपलेच. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, सिकंदर हरला. आणि सोलापूर जिल्हा मधोमध फाटला.

त्या चार गुणांचा हिशेब किती जणांना माहीत होता? नियम असा: उभ्यानं टाकलेल्या डावात प्रतिस्पर्धी थेट धोकादायक स्थितीत पडला तर चार गुण, नाही तर दोन. धोकादायक स्थिती म्हणजे त्याच्या पाठीचा जमिनीशी होणारा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी. म्हणजे सगळा वाद एका कोनाचा होता, तोही डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकणाऱ्या. समोरच्या कॅमेऱ्यातून तो एक दिसतो, बाजूच्या कॅमेऱ्यातून दुसरा. त्यावर प्रामाणिक माणसांचं दुमत होऊ शकतं. पण कोनावर बोललं कोण? आधी तालुका निघाला, मग तालीम निघाली, आणि शेवटी काहींनी नावावरून धर्म काढला. पंचांना धमकीचा फोन गेला, प्रकरण पोलिसांपर्यंत पोचलं.

गंमत पुढे आहे. २०२३ मध्ये ‘पंचाचा निर्णय अंतिम असतो, हार पचवायला शिका’ असं मला ज्यांनी ऐकवलं, त्यांतल्याच कित्येकांनी २०२५ मध्ये ‘महेंद्रला ठरवून हरवलं’ असं लिहिलं. आणि २०२३ मध्ये पंचांना विकाऊ म्हणणारे २०२५ मध्ये ‘मैदान सोडून पळाला’ म्हणून हसत होते. दोन्ही वेळेला पैलवान तोच होता, महेंद्र. एकदा निर्णय त्याच्या बाजूनं लागला, एकदा विरोधात. चाहत्यांनी फक्त बाकं बदलली. याला न्यायाची चाड म्हणत नाहीत, ही गावकी आहे. गावकीचं मला वावडं नाही, गावकीशिवाय आखाडा भरत नाही. पण तिला न्यायाचं नाव देऊ नका.

आणि तो हरलेला सिकंदर? त्या दिवशी मैदानावर त्यानं कुणावर हात टाकला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला त्यानं शिवराज राक्षेला हरवून गदा उचलली. बाकी कशाहीपेक्षा हे उत्तर मोठं होतं.

‘हे सगळं महाराष्ट्रातच होतं’ असंही कुणी समजू नये. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत दीपक पुनियाचं कांस्यपदक हुकलं. त्याचे परदेशी प्रशिक्षक मुराद गैदारोव्ह यांनी लढतीनंतर पंचांवर हल्ला केला आणि त्यांना ऑलिंपिकमधून हाकलण्यात आलं. १७ मे २०२२ ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेची निवड चाचणी होती. १२५ किलो गटात सतेंदर मलिक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत पुढे होता. एका गुणावर दाद मागितली गेली. तिथं सत्यदेव मलिक यांनी आपण सतेंदरच्याच गावचे आहोत, म्हणून निर्णयातून अंग काढून घेतलं. मग जगबीर सिंग यांनी रिप्ले पाहून निकाल दिला, गुण ३-३ झाले आणि शेवटचा गुण घेतलेला मोहित जिंकला. सतेंदरनं जगबीर यांना मारलं. त्याच्यावर आजन्म बंदी आली.

या प्रसंगात लाथाबुक्क्या सगळ्यांना आठवतात, सत्यदेव मलिक कुणाला आठवत नाहीत. माझ्या मते त्या दिवसाचा खरा धडा तेच आहेत. माझ्या गावचा पोरगा आहे, म्हणून मी बाजूला होतो. आपल्याकडे किती पंचांना असं म्हणता येतं? आणि म्हटलं तर गाव त्यांना काय म्हणेल?

आता संघटनांबद्दल, कारण त्यांना मोकळं सोडायचं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या, एक फुलगावला, एक धाराशिवला. एकाच महिन्यात दोन गदा, कारण संघटना दोन. ज्यांना आपसात खरा महाराष्ट्र केसरी कोण हे ठरवता येत नाही, ते पैलवानाला शिस्त शिकवतात. वर शिक्षा कशी, तर लाथ मारणाऱ्याला तीन वर्षं आणि वाद घालून मैदान सोडणाऱ्यालाही तीन वर्षं. क्रिकेटमध्ये आयसीसीनं गैरवर्तनाचे चार स्तर केलेत. जुलै २०२३ मध्ये मीरपूरला हरमनप्रीत कौरनं बॅटनं स्टंप उडवले, पंचांवर उघड टीका केली, तिला दोन सामन्यांची बंदी आली. कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल कार्ड असतं. कुठल्या वागणुकीला किती शिक्षा, हे खेळाडूला आधी माहीत असतं. पैलवानाची उमेदीची वर्षं मोजून सात-आठ. त्यातली तीन काढून घ्यायची तर वजनकाटा नीट हवा.

तरीही मी चाहत्यांनाच आधी जाब विचारतोय. त्याचं कारण मी जवळून पाहिलंय. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला मी गुणलेखकाच्या टेबलावर बसायचो. पंच म्हणून दुसऱ्या कॉलेजचे एक शारीरिक शिक्षणाचे सर यायचे. मानधन इतकं, की येण्याजाण्याचा खर्च सुटला तरी खूप. नियम तोंडपाठ, शिट्टी स्वच्छ. एका वर्षी शेवटच्या चढाईत त्यांनी बोनस नाकारला. चढाईपटूचा मागचा पाय उचललेला नव्हता, मी टेबलावरून बघत होतो. सामना संपताच तीसेक पोरांनी त्यांना घेरलं, शर्ट फाडला, गाडीतली हवा सोडली. सर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्यांच्या जागी जे आले, ते यजमान संघाच्या ओळखीचे होते. त्या वर्षी कुणी कुणाला घेरलं नाही, कारण निकाल काय लागणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘पंच विकला गेला’ म्हणत तुम्ही ज्याला मारता, तो बहुतेक वेळा न विकला गेलेला असतो. विकलेल्याच्या पाठीशी माणसं असतात, त्याला गाडीपर्यंत सोडायला दहा जण येतात. एकटा असतो तो प्रामाणिक पंच. त्यानं घर गाठलं, शिट्टी कपाटात ठेवली, की आखाडा उरतो तो दुसऱ्यांचा. पंचाला मारणारे चाहते शेवटी त्यांच्या लायकीचे पंच तयार करतात.

मग करायचं काय? मागायचं, आणि नेमकं मागायचं. महाराष्ट्र केसरीच्या प्रत्येक वादग्रस्त गुणाचा रिप्ले मोठ्या पडद्यावर दाखवा. निर्णयाचं कारण दुसऱ्या दिवसापर्यंत लेखी द्या. पंच कुठल्या तालमीचा, कुठल्या गावचा हे आधी जाहीर करा, संबंध असेल तर त्याला बाजूला बसवा. पंचाला मान राहील असं मानधन द्या. शिक्षेचे स्तर ठरवा. विजेत्याला थार गाडी देता येते, तर चार कॅमेरे लावणं अवघड नाही. यासाठी पोरांनी सह्या गोळा केल्या, संघटनेच्या दारात बसली, तर मी पहिल्या रांगेत बसेन.

आणि पुढची क्लिप येईल तेव्हा एक करा. फॉरवर्ड करण्याआधी त्यातली नावं मनातल्या मनात बदला. सिकंदरच्या जागी महेंद्र ठेवा, महेंद्रच्या जागी सिकंदर. तरीही राग तेवढाच आला, तर खुशाल पाठवा. राग उतरला, तर तो कशाचा होता हे तुम्हाला कळलंय. मला सांगायची गरज नाही.