दोन झटक्यांच्या मधला काळ

रात्री निजताना पाय धडधाकट असतो आणि उत्तररात्री अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागतो, की पायावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. सांधा लालबुंद होतो, सुजतो, हात लावावा तर तापलेला लागतो. बारा ते चोवीस तासांत वेदना शिगेला पोचते आणि पुढे आठ-पंधरा दिवसांत ओसरते. गाऊटचे हे रूप अनेक घरांत परिचयाचे आहे. परंतु या रोगाचे खरे कपट निराळ्याच ठिकाणी आहे. झटका ओसरल्यावर पाय इतका पूर्ववत होतो, की रोग गेला असे रुग्णाला वाटते आणि घरच्यांनाही वाटते. औषधांची पाकिटे कपाटात जातात आणि काही महिन्यांनी तोच सांधा, कधी त्याच्या जोडीला घोटा किंवा गुडघा, पुन्हा पेटतो. म्हणून या लेखात झटक्याविषयी थोडे आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळाविषयी अधिक लिहावयाचे आहे; कारण गाऊटवरचा मूळ उपचार त्या शांत काळातच होत असतो.

चैनीचा रोग?

हा विकार फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्ताचे जे वर्णन आहे, ते गाऊटशी बरेच जुळते आणि तेथे त्याला ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही नाव दिलेले आहे. युरोपातही तो राजेरजवाड्यांचा रोग मानला गेला. या परंपरेमुळे रुग्णावर एक अदृश्य शिक्का बसतो : जिभेचे चोचले पुरवले, आता भोगा.

हा शिक्का बहुतांशी अन्यायाचा आहे. प्युरीन नावाच्या द्रव्यांच्या विघटनातून यूरिक अ‍ॅसिड तयार होते. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या पेशींतून येतो. अन्नातून येणारा वाटा केवळ एक-तृतीयांशाच्या आसपास असतो. शिवाय बहुसंख्य रुग्णांत दोष असतो तो यूरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्याच्या मूत्रपिंडाच्या क्षमतेत आणि त्यात अनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. वाढते वय, मूत्रपिंडाचे विकार, स्थूलता आणि उच्च रक्तदाब यांची त्यात भर पडते. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही यूरिक अ‍ॅसिड वाढते. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना सहसा न होणारा हा रोग त्यानंतर त्यांनाही गाठतो. वृद्ध स्त्रियांत तो पुष्कळदा हाताच्या बोटांच्या झिजलेल्या सांध्यांत दिसतो आणि ‘वयाची सांधेदुखी’ म्हणून दुर्लक्षिला जातो.

स्फटिकांचे गणित

थंड चहात वाजवीपेक्षा अधिक साखर घातली, तर ती विरघळत नाही, तळाशी बसते. रक्तातही तेच घडते. दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे यूरिक अ‍ॅसिडचे क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. त्यांचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात. ते तेथे वर्षानुवर्षे निमूट पडून असतात. एखादे दिवशी शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते आणि आपण त्याला झटका म्हणतो. वेदना थांबली, तरी स्फटिक जागचे हललेले नसतात.

याच गणिताची दुसरी बाजू आशेची आहे. रक्तातील पातळी सातत्याने ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवली, तर साचलेले स्फटिक हळूहळू विरघळू लागतात. कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढुरक्या गाठी आल्या असतील, तर डॉक्टर अनेकदा ५ च्या खालचे लक्ष्य ठेवतात. या कामाला महिने, क्वचित वर्षेही लागतात. पण ते होते. वृद्धापकाळी जडलेल्या फार थोड्या सांधेविकारांविषयी असे म्हणता येते.

झटका आल्यावर

सांध्याला विश्रांती द्यावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने दहा-पंधरा मिनिटे शेकावे. गरम तेलाचे मर्दन आणि ऊनऊन शेक यांनी वेदना वाढण्याचाच संभव अधिक. औषध जितके लवकर सुरू होईल, तितका झटका लवकर आटोक्यात येतो. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कोल्चिसीन आणि स्टेरॉइड हे तीन मुख्य पर्याय आहेत; मात्र त्यांतील कोणता द्यावा, हे ज्येष्ठांच्या बाबतीत डॉक्टरांनीच ठरवावे. मूत्रपिंड दुर्बळ असेल, हृदयविकार असेल किंवा पोटात व्रण झालेला असेल, तर दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घातक ठरू शकतात. स्टेरॉइडने मधुमेहींची साखर चढते. कोल्चिसीनची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. ते घेताना जुलाब सुरू झाले, तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक त्याच्या जोडीला धोक्याचे असते.

येथे एक सूचना निक्षून करावीशी वाटते. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी अनेकांना ठाऊक असेल. तिच्या कंदात कोल्चिसीनच असते. म्हणून कोणी तो कंद घरी उगाळून देण्याचा सल्ला दिला, तर तो मुळीच मानू नये. गोळीत मात्रा मोजलेली असते, कंदात ती मोजता येत नाही; आणि या विषबाधेने माणसे दगावली आहेत.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. सांधा सुजून त्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर ते सांध्यातील जंतुसंसर्गाचेही लक्षण असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसरे असे, की ऐन झटक्यात रक्ततपासणी केली, तर यूरिक अ‍ॅसिड ‘नॉर्मल’ येऊ शकते. त्यावरून गाऊट नाही असा निष्कर्ष काढू नये. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

शांत काळातले औषध

वर्षात दोन किंवा अधिक झटके, गाठी, सांध्याची झीज, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही असल्यास यूरिक अ‍ॅसिड कमी करणारे औषध दीर्घकाळ घेण्याचा विचार करावा लागतो. त्यात अ‍ॅलोप्युरिनॉल हे प्रमुख. ज्या संशोधनातून ते पुढे आले, त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते सोसत नसल्यास फेबुक्सोस्टॅटसारखा पर्याय असतो. हृदयविकार असल्यास तो देताना डॉक्टर अधिक सावध असतात.

या औषधाबाबत बहुतेकांचा धीर सुटतो, तो पहिल्या काही महिन्यांत. यूरिक अ‍ॅसिड उतरू लागले, की सांध्यातील जुने साठे हलू लागतात आणि त्यामुळे आरंभी झटके येऊ शकतात. रुग्णाला वाटते, औषधानेच दुखणे वाढवले. तो ते सोडून देतो. वस्तुतः ही साफसफाईची खूण असते. म्हणूनच डॉक्टर अल्प मात्रेने आरंभ करतात, तपासण्या पाहत ती वाढवतात आणि पहिले तीन ते सहा महिने झटका टाळणारे दुसरे औषध सोबत देतात. नियमित चालू असलेले अ‍ॅलोप्युरिनॉल झटका आला म्हणून मनाने थांबवू नये. याला अपवाद एकच : अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना भेटावे. क्वचितच होणारी, परंतु गंभीर अशी ही प्रतिक्रिया असू शकते.

समजावून सांगण्याचे मोल किती, याचा एक दाखला पाहा. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ५१७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीप्रमाणे उपचार मिळाले. उरलेल्यांना प्रशिक्षित परिचारिकांनी रोग समजावून सांगितला, शंका ऐकून घेतल्या आणि औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली. दोन वर्षांनी परिचारिकांच्या गटात शंभरांतील सुमारे ९५ जणांची पातळी लक्ष्याच्या खाली आली. दुसऱ्या गटात ती सुमारे ३० जणांचीच. औषधे तर दोन्ही गटांना उपलब्ध होती!

ताटात काय असावे?

गाऊटचे निदान झाले, की आपल्याकडे पहिली गदा येते ती डाळीवर. वरण बंद, उसळ बंद, पालक बंद, मटार बंद. आधीच आहार रोडावलेल्या ज्येष्ठांची प्रथिने यामुळे आणखी घटतात. सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांची बारा वर्षे पाहणी करणाऱ्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात मांस व मासळी यांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला. प्युरीनयुक्त भाज्यांनी मात्र तो वाढला नाही आणि दुग्धजन्य पदार्थ अधिक घेणाऱ्यांत तो कमी आढळला. तेव्हा वाटीभर वरण, ताक आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांना ताटात जागा असू द्यावी. मूत्रपिंडाच्या विकारामुळे प्रथिनांवर मर्यादा असेल, तर अर्थातच डॉक्टरांचे ऐकावे.

टाळावे ते असे : कलेजी, भेजा, गुर्दा यांसारखे अवयव, मांसाचा दाट रस्सा, आणि मासळीत विशेषतः तारली, बांगडा, मांदेली व शिंपल्यांचे प्रकार. मद्य, त्यातही बिअर, वर्ज्य समजावी. बाटलीबंद गोड पेयांतील फ्रुक्टोजनेही यूरिक अ‍ॅसिड वाढते, हे शाकाहारी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे. वजन अधिक असल्यास ते सावकाश उतरवावे. एकदम उपाशी राहिल्याने किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याने झटका येऊ शकतो. म्हणून निर्जळी उपवास आणि चातुर्मासातील कडक व्रते यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी आदराने, पण स्पष्ट बोलावे. पाणी पुरेसे प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारात मात्र त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

एवढे सारे पाळूनही केवळ आहाराने पातळी साधारणतः एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते. पथ्य हे औषधाचे सोबती आहे. ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

सांभाळणाऱ्यांसाठी

एक लहानशी वही ठेवावी. झटक्याची तारीख, सांधा, आदल्या दिवसांतील आजारपण, उपवास वा प्रवास, नवी औषधे आणि यूरिक अ‍ॅसिडचे आकडे तीत लिहावेत. रक्तदाब, हृदय, मधुमेह अशा सर्व गोळ्यांची यादी प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी. लघवी वाढवणारी गोळी किंवा अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नये. रक्तदाबावर लोसार्टनसारखे यूरिक अ‍ॅसिड काहीसे उतरवणारे औषध चालेल का, एवढे विचारावे. झटक्याच्या दिवसांत रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा आणि काठी हाताशी असावी. दुखऱ्या पायापेक्षा पडण्याने होणारी हानी मोठी असते.

आणि ताटावरून टोमणे नकोत. ज्यांच्या मूत्रपिंडाची घडणच तशी आहे, त्यांना प्रत्येक घासाचा हिशेब विचारल्याने सांधा बरा होत नाही. मन मात्र दुखते आणि मग गोळी घेतली नाही, हेही ते सांगेनासे होतात. दुखत नसलेल्या दिवशी ‘आज गोळी घेतली का?’ एवढे मायेने विचारले जावे. पुढचा झटका टळतो, तो या प्रश्नाने.