असोद्याची लेक आणि सातबारा

स्त्रीहक्कांची चर्चा निघाली की १७९२ साली लंडनमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टने मांडलेली कैफियत आठवते. ते योग्यच आहे. परंतु बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला, तेव्हा असोद्याची बहिणाबाई दोन वर्षांची होती. ताराबाईंना वडिलांनी शिकविले. बहिणाबाईंच्या वाट्याला अक्षर आलेच नाही. त्यांची गाणी इतरांनी टिपली आणि १९५२ मध्ये, मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने निघाली. छापील पानांवरून विचारांचे वय मोजणाऱ्यांना त्या दिसणार कशा? ज्या शेतीवर ती गाणी उभी आहेत, तिच्यात मुलीला मुलाइतका वाटा २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत चालूच आहे. दप्तरी ते 'स्वखुशीने' दिलेले असते.